मागे कोण बसलंय? पिट्सबर्गच्या ॲम्ब्युलन्सची गोष्ट

मराठीत रुग्णवाहिका आणि शववाहिका हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. एक जिवंत माणसाला नेते, दुसरी मेलेल्याला. काम दोघींचंही वाहून नेण्याचं. १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत एवढाही फरक उरला नव्हता. देशातल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवत होते, आणि गाडीही पुष्कळदा एकच असायची. सकाळी तिच्यातून शवपेटी जायची, दुपारी अपघातातला जखमी. छपरावरचा दिवा हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा काढून ठेवायचा. अशा दुहेरी कामाच्या गाड्या कारखान्यातूनच तयार होऊन येत.

यामागे कुणाचं कारस्थान नव्हतं. माणूस आडवा झोपवून नेता येईल इतकी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची, म्हणून लोक त्यांना फोन करायचे. पण व्यवस्था म्हणून बघितलं तर अंगावर काटा येतो. पेशंट वाटेत दगावला तर ज्याला गिऱ्हाईक मिळणार, त्याच्याच हातात स्टिअरिंग. बिचारे चालवतही असतील जीव तोडून. पण मागे पेशंटजवळ बसून नेमकं करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि बऱ्याचदा मागे कुणी बसतच नव्हतं.

हा लेख त्या मागच्या जागेबद्दल आहे. ती कुणी भरली, कशी भरली आणि भरणाऱ्यांचं पुढे काय झालं, याबद्दल. शहर पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, पोलादासाठी प्रसिद्ध असलेलं.

पुढे गेलेली गोष्ट मागे कशी आली

मुळात ही जागा कायम रिकामी होती असंही नाही. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन डॉमिनिक लॅरे याने १७९० च्या दशकात हलक्या, वेगवान घोडागाड्या तयार करून घेतल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलायची पद्धत पाडली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलने घोड्यांच्या ॲम्ब्युलन्स सुरू केल्या. त्यांत बँडेज, खपच्या आणि ब्रँडीची बाटली असायची, आणि मुख्य म्हणजे एक तरुण डॉक्टर सोबत असायचा.

मग दुसरं महायुद्ध आलं. डॉक्टर युद्धावर गेले, हॉस्पिटलांना गाडीवर पाठवायला माणसं उरली नाहीत. ठिकठिकाणी हे काम पोलिसांकडे, अग्निशमन दलाकडे किंवा अंत्यसंस्कारवाल्यांकडे गेलं आणि युद्ध संपल्यावरही तिथेच राहिलं. आपण समजतो की तंत्रज्ञान पुढे जातं तसा सगळा कारभार पुढे जातो. इथे घोड्याची मोटार झाली आणि डॉक्टर उतरून गेला.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला. आदल्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, देशात १ लाख ७ हजार माणसं अपघातांत गेली होती. व्हिएतनामहून परतलेल्या तज्ज्ञांचं मत त्यात नोंदवलं होतं: गंभीर जखमी व्हायचीच वेळ आली तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर वाचण्याची शक्यता जास्त. रणांगणावर निदान मदतनीस सैनिक, हेलिकॉप्टर आणि जवळचं इस्पितळ अशी साखळी होती. शहरात होती ती ओढून नेणारी गाडी.

फोन पोलिसांना

पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होतं. आरोपींना ठाण्यावर न्यायची जी बंद गाडी, तीच यायची. दोन पोलीस उतरायचे, माणसाला स्ट्रेचरवर घालून मागे ढकलायचे, दार लावायचे आणि दोघंही पुढे जाऊन बसायचे. मागे पेशंट एकटा. त्याचा श्वास चालू आहे का, त्याला उलटी झाली का, हे हॉस्पिटलच्या दारात गाडी उघडली की कळायचं. ही ‘उचला आणि पळा’ पद्धत वाईट माणसांनी बनवलेली नव्हती. पोलिसांना वाटायचं की उपचार हॉस्पिटलात होतात, तर आपलं काम तिथवर पोचवण्याचं.

पण शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या भागात या व्यवस्थेला आणखी एक पदर होता. ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. दुकानं, चर्च, जॅझचे क्लब असं सगळं गजबजलेलं. १९५० च्या दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली तिचा खालचा भाग पाडला, सुमारे ८ हजार माणसांना उठवलं आणि त्या जागी एक भलंमोठं बंदिस्त क्रीडागृह बांधलं. उरलेल्या वस्तीत बेकारी वाढली, पोलिसांशी संबंध ताणलेले. आता विचार करा, घरात वडिलांच्या छातीत कळ आली आहे आणि मदतीसाठी फोन करायचा तो पोलिसांना. ते येतील का, किती वेळाने येतील, आणि आल्यावर पेशंटकडे बघतील की घरातल्या तरुण मुलाकडे? अनेकजण फोनच करत नसत.

आणि ही व्यवस्था फक्त गरिबांना मारत होती असंही नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत भाषण करता करता कोसळले. शहरातलं हे सगळ्यात वजनदार नाव. गर्दीतल्या एका नर्सने तिथल्या तिथे त्यांना श्वास द्यायला सुरुवात केली. पण नेणार कोण? पोलिसांची गाडीच. हॉस्पिटलात हृदय पुन्हा चालू झालं, मेंदू मात्र परत आला नाही. २१ नोव्हेंबरला ते गेले. हॉस्पिटलात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते पीटर साफर, आणि या मरणात नेमकं कुठे चुकलं हे त्यांच्याइतकं स्पष्ट जगात फार थोड्यांना कळलं असतं.

मान मागे

साफर मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९२४ चा, व्यवसायाने भूलतज्ज्ञ. भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे नुसतं झोपवणं अशी आपली समजूत असते. झोपवणं सोपं. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवणं हे खरं काम.

कारण बेशुद्ध माणसाचे सगळे स्नायू सैल पडतात, आणि जीभ हाही एक स्नायूच. माणूस उताणा असेल तर ती घशात मागे पडते आणि हवेची वाट बुजवते. घोरणं म्हणजे याचाच सौम्य प्रकार. छाती हलत असते, फुप्फुसं ठणठणीत असतात, हृदय चालू असतं, आणि तरी माणूस स्वतःच्याच जिभेमुळे गुदमरतो. उपाय असा की ऐकून हसू येईल: कपाळावर एक हात ठेवून मान मागे करायची, दुसऱ्या हाताने हनुवटी वर उचलायची. जबड्याबरोबर जीभ पुढे येते, वाट मोकळी होते.

त्या काळी कृत्रिम श्वासाची सर्वमान्य पद्धत वेगळीच होती. बुडालेल्याला पालथं घालायचं, पाठीवर दाब द्यायचा, मग हात धरून वर ओढायचे. पुस्तकांत हेच, शाळांत हेच. साफर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये याची परीक्षाच घेतली. डॉक्टर, नर्स, वैद्यकीय विद्यार्थी असे स्वयंसेवक पुढे आले. त्यांना गुंगीचं औषध दिलं, मग श्वासाचे स्नायूही लुळे पडतील असं औषध दिलं, आणि दुसऱ्या माणसांना सांगितलं, आता यांना जिवंत ठेवा. आज कुठलीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण निकाल नि:संदिग्ध लागला. पाठ दाबण्याच्या पद्धतीने पुष्कळदा हवा आत जातच नव्हती, कारण वाट बंद. मान मागे करून तोंडाने श्वास दिला की रक्तातला ऑक्सिजन टिकून राहायचा. आणि त्याहून मोलाची गोष्ट ही की हे काम कुठलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली माणसंही नीट करत होती.

१९६० मध्ये त्याच शहरातल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या काउवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवलं की छाती न उघडता, बाहेरून दाबूनही बंद पडलेल्या हृदयातून रक्त फिरवता येतं. तो श्वास आणि हा दाब एकत्र आले आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते तयार झालं. शिकवायला बाहुली हवी होती, ती नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने करून दिली.

आता एक हिशेब करू. रक्त पोचायचं थांबलं की मेंदू साधारण ४ ते ६ मिनिटांत कायमचा बिघडायला लागतो. माणूस कोसळला, कुणाच्या तरी लक्षात आलं, फोन केला, गाडी निघाली, जिने चढले, स्ट्रेचर खाली आणलं, हॉस्पिटल गाठलं. शहर कितीही छोटं असो, ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो, हे सगळं सहा मिनिटांत बसत नाही. म्हणजे गाडीचा वेग दुप्पट केला तरी गणित सुटत नाही. हॉस्पिटलातला जो भाग पहिल्या काही मिनिटांत लागतो, तोच पेशंटकडे न्यावा लागतो: श्वासाची वाट मोकळी करणं, ऑक्सिजन, शिरेतून औषध, हृदयाला शॉक देणारं यंत्र. हे सगळं वापरू शकणारा माणूस मागे बसलेला हवा. ॲम्ब्युलन्सच्या शोधाचा गाभा म्हणाल तर एवढाच, आणि तो इंजिनाशी संबंधित नाही.

साफर यांच्या डोक्यात गाडीचा आराखडा तयार होता. आत उंची हवी, आणि स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा हवी. भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या वेळी तिथेच बसतो, कारण श्वासाची वाट तिथून हाताळता येते. लांबट, बुटक्या शववाहिकेत नेमकी हीच जागा नसायची. शवपेटीच्या डोक्याशी बसून कुणाला काय करायचं असतं!

१९६६ च्याच उन्हाळ्यात साफर यांची लहान मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. तेव्हा आईवडील दोघंही एका परिषदेसाठी परगावी होते. श्वास बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं हे जगाला शिकवणाऱ्याची मुलगी श्वासावाचून गेली. त्यावर मी काही लिहायला नको. त्यानंतर मात्र ते या कामाच्या हात धुऊन मागे लागले.

भाजीच्या गाडीपासून

याच सुमाराला फिल हॅलन नावाचे गृहस्थ पिट्सबर्गमध्ये एका धर्मादाय वैद्यकीय निधीचे अध्यक्ष होते. तरुणपणी त्यांनी स्वतः ॲम्ब्युलन्स चालवली होती. हिल डिस्ट्रिक्टमधल्या बेकार तरुणांना काम आणि त्याच वस्तीला गाड्या, अशी त्यांची जोडकल्पना. वस्तीत जेम्स मॅकॉय यांची फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस ही संस्था कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून द्यायचं काम करत होती. तिचा एक उपक्रम म्हणजे गाडीतून ताजी भाजी पोचवणं. गाड्या चालवायचा अनुभव आहे, तर भाजीऐवजी पेशंट, इतकं ते साधं होतं. हॅलन साफर यांच्याकडे गेले. साफर म्हणाले, करू, पण ड्रायव्हर तयार करायचे नाहीत. १९६७ मध्ये फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवा आकाराला आली.

पहिल्या तुकडीत सुमारे दोन डझन माणसं. काहींची शाळा अर्धवट सुटलेली, काही व्हिएतनामहून आलेले, काहींच्या नावावर पोलिसांतली नोंद. शहराच्या भाषेत ‘नोकरीला न लागणारे’. त्यांना ३०० तासांचं शिक्षण दिलं गेलं. हा आकडा किती मोठा, ते तुलनेने कळेल: पुढे काही वर्षांनी ॲम्ब्युलन्सवरच्या कर्मचाऱ्यांसाठी देशभर जो मूलभूत अभ्यासक्रम ठरला, तो ८१ तासांचा होता. शरीररचना, सीपीआर, बाळंतपण, गाडी सुरक्षित चालवणं, सगळं त्यात होतं. ज्यांची शाळा राहिली होती त्यांना ती परीक्षा द्यायला मदत केली. शिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभं करून हाताला वळण लावलं.

त्यातलं एक काम जवळून बघण्यासारखं आहे. पेशंटचा श्वास स्वतःहून चालत नसेल तर घशातून थेट श्वासनळीत एक नळी घालतात. डाव्या हातात दिवा लावलेलं वाकडं पातं, त्याने जीभ बाजूला सारून जबडा वर उचलायचा. आत पांढरट स्वरतंतूंची एक लहानशी फट दिसते. नळी त्या फटीतून गेली पाहिजे. तिच्या अगदी मागे अन्ननलिका असते. नळी चुकून तिकडे गेली तर आपण दिलेली हवा पोटात जाते, फुप्फुसात नाही, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर माणूस जातो. थिएटरमध्ये लखलखीत उजेड असतो, टेबल हवं तितकं वर घेता येतं. यांना हे करायचं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद बाथरूममध्ये, गुडघ्यांवर बसून, मागे घरचे रडत असताना.

१९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्या वर्षात सुमारे ५,८०० वेळा त्या धावल्या. शहराच्या ठराविक भागापुरताच त्यांना करार होता, आणि सवयीने फोन अजून पोलिसांकडेच जायचे. मग फ्रीडम हाउसची मंडळी पोलिसांचा वायरलेस ऐकत बसायची आणि पुष्कळदा पोलिसांच्या आधी पोचायची. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरचा पहिला फोनच मुळी त्या वर्षी फेब्रुवारीत अलाबामातल्या एका छोट्या गावात झाला होता. पिट्सबर्गपर्यंत तो यायला अवकाश होता.

लोकांना आधी विश्वास बसत नव्हता. हॉस्पिटलातले काही डॉक्टर-नर्स त्यांना सफाई कामगार समजत. काही गोरे पेशंट ‘मला हात लावू नका’ म्हणत. पण सेवा चांगली आहे ही बातमी कुणी दाबून ठेवू शकत नाही. हळूहळू श्रीमंत वस्त्यांतले लोकही विचारू लागले की आमच्याकडे अजून पोलिसांची गाडीच का येते? यातून पुढे काय झालं ते थोड्या वेळाने.

१९७२ मध्ये साफर यांनी दोन महिन्यांतल्या १,४०० पेशंटची पाहणी केली. अत्यवस्थ पेशंटला मिळायला हवा तो योग्य उपचार फ्रीडम हाउसच्या गाडीत ८९ टक्के वेळा मिळाला होता. पोलिसांच्या गाडीत ३८ टक्के, आणि आसपासच्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्समध्ये १३ टक्के. हे शेवटचे दोन आकडे वाचताना थांबावंसं वाटतं. पोलिसांच्या गाडीत बसवलेल्या दर दहा अत्यवस्थ माणसांपैकी सहांना वाटेत जे मिळायला हवं होतं ते मिळालं नव्हतं, आणि तेव्हा ही शहराची अधिकृत सेवा होती.

सुई टोचायचा अधिकार कुणाला?

इथे एक कायदेशीर पेच समजून घ्यायला हवा, कारण पॅरामेडिक, म्हणजे डॉक्टर नसूनही गाडीवर उपचार करणारा प्रशिक्षित माणूस, या पेशाची सगळी गंमत त्यातच आहे. औषध कुठलं द्यायचं हे ठरवायचा अधिकार डॉक्टरचा. मग डॉक्टर नसलेल्या माणसाने रस्त्यावर सलाइन लावायचं, शॉक द्यायचा, तो कुणाच्या जबाबदारीवर? उत्तर निघालं ते असं: सेवेला एक वैद्यकीय संचालक असतो. कुठल्या लक्षणांवर काय करायचं हे तो आधीच लिहून देतो, गाडीवरचा माणूस त्याप्रमाणे वागतो, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर वायरलेसवरून डॉक्टरला विचारतो. पॅरामेडिक म्हणजे जणू डॉक्टरचे लांबवर गेलेले हात.

अशी व्यवस्था उभी करायच्या खटपटी तेव्हा अनेक ठिकाणी चालू होत्या. बेलफास्टमध्ये फ्रँक पॅन्ट्रिज यांनी १९६६ मध्ये शॉकचं यंत्र घेऊन डॉक्टरच गाडीत पाठवला. मायामी, सिॲटल, लॉस एंजेलिस इथे अग्निशमन दलाचे जवान तयार केले गेले. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये त्यासाठी कायदाही केला. ‘पहिली कोण’ हा वाद घालत बसण्यात मला रस नाही. जो तो आपापल्या व्याख्येने पहिला. फ्रीडम हाउसचं वेगळेपण असं की बाकीच्यांचा भर मुख्यतः हृदयविकारावर होता, तर इथे सुरुवातच श्वासापासून झाली होती. त्यामुळे गोळी लागलेला, दम्याने घुसमटलेला, जास्त नशा करून निपचित पडलेला, कुणीही आला तरी हात कुठून घालायचा हे त्यांना ठाऊक होतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर साफर यांच्या हाताखाली अतिदक्षता शास्त्र शिकायला आल्या आणि फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या कार्यालयात बसून सह्या करणाऱ्यांतल्या नव्हत्या. वायरलेस जवळ ठेवून झोपायच्या, गाडीवर स्वतः जायच्या, आणि परत आल्यावर प्रत्येक केसची चिरफाड करायच्या: नाडी आधी का नाही बघितली, सुई दुसऱ्यांदा का घालावी लागली. त्यांची बोलणी खाल्लेल्या माणसांनी पुढे त्यांच्याबद्दल प्रेमानेच सांगितलं आहे. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याला देशभरासाठी पॅरामेडिकचा प्रमाणित अभ्यासक्रम हवा होता. तो कॅरोलाइन यांनी लिहिला आणि त्यातलं शिकवणं हिल डिस्ट्रिक्टच्या रस्त्यांवर पारखून घेतलेलं होतं. त्यांचं पाठ्यपुस्तक आजही, नव्या नव्या आवृत्त्यांतून, पॅरामेडिकचे विद्यार्थी वाचतात.

शहराची सेवा

आता त्या श्रीमंत वस्त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. सगळ्या शहराला ही सेवा हवी, हे सिद्ध झालं होतं. सरळ मार्ग असा की जी सेवा चालते आहे तीच वाढवायची. पण महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या कारभारात फ्रीडम हाउसला दुसऱ्या भागांत जाऊ दिलं गेलं नाही, कराराचे पैसे रखडत राहिले, शहराच्या मध्यभागात सायरन वाजवायलासुद्धा मनाई झाली. सायरन नसलेली ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये काय करणार? मग महापालिकेने स्वतःची सेवा काढायचं ठरवलं. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाउस बंद झाली आणि शहराची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली.

कॅरोलाइन यांनी नव्या सेवेची धुरा घेताना अट घातली होती: जुनी माणसं घ्यायची आणि त्यांच्या जोड्या मोडायच्या नाहीत. अट मान्य झाली, पाळली गेली नाही. जोड्या फोडल्या. शिकवलेल्यापलीकडच्या नव्या परीक्षा लावल्या. जुनी पोलीस नोंद असलेल्यांना काढलं, खरं तर त्याच नोंदी असताना त्यांनी सुमारे सात वर्षं शहराचे जीव वाचवले होते. वर्षानुवर्षं नळ्या घातलेल्या माणसाच्या डोक्यावर कालपरवा भरती झालेला गोरा तरुण प्रमुख म्हणून आला, आणि अनुभवी माणसाला सामान उचलायला सांगितलं गेलं. कुणी कंटाळून सोडलं, कुणाला सोडायला लावलं. कॅरोलाइन यांनीही राजीनामा दिला आणि पुढे त्या इस्रायलमध्ये जाऊन तिथली ॲम्ब्युलन्स सेवा घडवू लागल्या.

सरकारी कारभारात असं होतं की एखादी गोष्ट चांगली निघाली की ती ‘आपली’ करून घेतात आणि करणाऱ्याला विसरतात. पण इथे नुसता विसरभोळेपणा होता असं मला वाटत नाही. काळ्या माणसांनी उभी केलेली सेवा गोऱ्या वस्तीच्या दारात त्याच नावाने जावी, हे त्या शहराला तेव्हा पचणारं नव्हतं. महापालिकेची बाजू म्हणून एवढं सांगता येईल की सगळ्या शहराला एकच सार्वजनिक सेवा असावी ही कल्पना चूक नव्हती. एक सेवा उभी करायला दुसरीची माणसं घालवावी का लागली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

जे बाहेर पडले त्यांतल्या काहींनी हीच विद्या दुसरीकडे नेली. मिचेल ब्राउन क्लीव्हलँडच्या ॲम्ब्युलन्स सेवेचे प्रमुख झाले, पुढे त्या शहराच्या सुरक्षा विभागाचेही.

आणि जॉन मून राहिले. ते मूळचे हॉस्पिटलात पेशंटची ने-आण करणारे ऑर्डर्ली. एके दिवशी फ्रीडम हाउसची दोन माणसं पेशंट घेऊन आत आली. दोन काळे तरुण, हातात सगळी सूत्रं, डॉक्टरांशी बरोबरीने बोलणारे. ते बघून मून यांनी ठरवलं की आपल्याला हे व्हायचंय. १९७२ मध्ये ते फ्रीडम हाउसमध्ये आले. १९७५ नंतरच्या त्या सगळ्या वर्षांत त्यांनी शहराची सेवा सोडली नाही, आणि पुढे अधिकारपदावर गेल्यावर कृष्णवर्णीय तरुणांच्या भरतीचं काम मुद्दाम अंगावर घेतलं. २००९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ते त्याच सेवेचे सहायक प्रमुख होते.